आरव्हीतला घरगुती फ्रीज: वीज आणायची कुठून?

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, बघायला गेलं की विक्रेता आधी स्वयंपाकघरापाशी नेतो. तिथे १८-२० घनफुटांचा, स्टीलच्या दारांचा, मोठा फ्रीझर असलेला फ्रीज उभा असतो. घरी असतो तसाच, कारण तो घरासाठीच बनवलेला असतो. दार उघडलं की आठवड्याची भाजी, दुधाचे कॅन आणि इडलीच्या पिठाचं मोठं पातेलं सहज मावेल एवढी जागा दिसते. ‘हा बॅटरीवरही चालतो,’ असं विक्रेता सांगतो आणि ते खरंच असतं. पण बॅटरीवर किती तास चालतो, आणि रिकामी झालेली बॅटरी दुसऱ्या दिवशी भरायची कशी, हे तिथे सहसा कोणी विचारत नाही. मग रानातल्या पहिल्याच मुक्कामात, पहाटे इन्व्हर्टर कोकलायला लागला की हे प्रश्न आठवतात.

कॅम्पग्राउंडच्या खांबावर ३० किंवा ५० अँपिअरचा प्लग आहे तोवर यातलं काहीच अडत नाही. अडतं ते खांब नसलेल्या जागी, आणि पश्चिम अमेरिकेत अशी जागा अफाट आहे. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याच्या बऱ्याचशा जमिनीवर २८ दिवसांच्या काळात १४ दिवस फुकट तळ ठोकता येतो. अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझसाइटजवळ तर परवाना काढून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा अख्खा हिवाळा राहता येतं, आणि थंड प्रदेशातले निवृत्त लोक तिथे आरव्ही घेऊन उतरतात. गाडीपाशी विजेचा खांब नाही, नळ नाही; जे लागेल ते बरोबर आणायचं. याला तिकडे ‘बूनडॉकिंग’ म्हणतात.

अमेरिकेतली मराठी कुटुंबंही आता या वाटेवर दिसू लागली आहेत. कोणी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आरव्ही भाड्याने घेतं, कोणी निवृत्तीनंतर विकतच घेतं. आपलं स्वयंपाकघर फ्रीजवर बरंच विसंबून असतं: दही, कोथिंबीर, ओलं खोबरं, आंबवलेलं पीठ, भिजवलेली कडधान्यं. यूटातल्या लाल डोंगरांमध्ये मुक्काम असेल तर भारतीय किराण्याचं दुकान तासन्‌तासांच्या अंतरावर असतं. बरोबर आई-वडील असतील आणि कोणाचं इन्शुलिन असेल तर फ्रीज चालू राहणं ही सोय न राहता गरज होते. न उघडलेली इन्शुलिनची बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. ती गोठली तरी वाया जाते.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण आरव्हीतला फ्रीज विजेवर नाही, गॅसवर चालायचा. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी कॉम्प्रेसर नसलेला, एकही हलता भाग नसलेला फ्रीज घडवला. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खाली छोटीशी ज्योत. ज्योतीच्या उष्णतेने पाण्यातला अमोनिया वेगळा होतो, वर जातो, थंड होऊन द्रव बनतो, हायड्रोजनमध्ये बाष्प होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि पुन्हा पाण्यात विरघळतो. ज्योत लावून बर्फ करायचा, ही कल्पना मला आजही थक्क करते. १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने ती विकत घेतली. पुढे डोमेटिक आणि नॉरकोल्ड या नावांचे असेच फ्रीज कित्येक दशकं अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक आरव्हीत बसले.

रानातल्या मुक्कामासाठी त्याचं गणित फार सोपं आहे. २० पौंडी, म्हणजे सुमारे ९ किलोच्या प्रोपेनच्या सिलिंडरमध्ये ४ लाख ३० हजार बीटीयू उष्णता असते. मोठ्या फ्रीजचा बर्नर तासाला साधारण १,५०० बीटीयू खातो. तो अखंड जळत राहिला तरी सिलिंडर १२ दिवसांजवळ पोचतो, आणि प्रत्यक्षात बर्नर मधूनमधून बंद होतो, त्यामुळे त्याहून जास्त. बॅटरीवर भार फक्त कंट्रोल बोर्डाचा.

मग लोक त्याला का कंटाळले? गाडी थोडी जरी कलती उभी राहिली तर नळ्यांतला द्रव नीट फिरत नाही, आणि तसंच चालवत राहिलं तर फ्रीज कायमचा बिघडतो. ३५ अंशांपुढच्या उन्हाळ्यात त्याची दमछाक होते. दूध नासत नाही पण गारही राहत नाही. थंड व्हायला त्याला अख्खी रात्र लागते. पेट्रोल पंपावर ज्योत विझवावी लागते. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांतून तर १० पौंडांहून जास्त प्रोपेन असलेला सिलिंडर घेऊन जाताच येत नाही. शिवाय लाकडी सांगाड्याच्या गाडीत, झोपायच्या जागेपासून दोन हातांवर ज्योत. आगीच्या धोक्यामुळे २००६ मध्ये डोमेटिकने नऊ लाखांहून अधिक फ्रीज दुरुस्तीसाठी परत बोलावले. नॉरकोल्डलाही आपल्या मोठ्या मॉडेलांसाठी तशीच मोहीम काढावी लागली. त्यात १२ घनफुटांचा गॅसवरचा फ्रीज त्याहून मोठ्या घरगुती फ्रीजपेक्षा कितीतरी महाग. कारखानदारांनी मोठ्या गाड्यांमध्ये घरगुती फ्रीज बसवायला सुरुवात केली त्यामागे हे सगळं आहे, आणि किंमत त्यात वरच्या क्रमांकावर आहे.

घरगुती फ्रीज बॅटरीवर चालवण्याची कल्पना तरी शक्य कशी झाली? आरव्हीवाले याचं सगळं श्रेय लिथियम बॅटरीला देतात. माझ्या मते निम्मं श्रेय कायद्याला द्यायला हवं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतला नवा फ्रीज वर्षाला सरासरी १,८०० युनिट वीज खायचा, म्हणजे दिवसाला जवळजवळ पाच युनिट. तेलसंकटानंतर कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये फ्रीजच्या वीजवापरावर मर्यादा घातल्या. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रोझेनफेल्ड यांनी या विषयाचा ध्यास घेतला होता. १९८७ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि १९९०, १९९३, २००१, २०१४ अशी मर्यादा टप्प्याटप्प्याने कडक होत गेली. आज १८ घनफुटांचा, वर फ्रीझर असलेला साधा फ्रीज वर्षाला ३५० ते ४५० युनिटांत भागवतो. दिवसाला एक ते सव्वा युनिट. दारात पाण्याचा नळ आणि बर्फयंत्र असलेला तीन दारांचा फ्रीज दीड युनिटाच्याही पुढे जातो. १९७२ चा फ्रीज आजच्याही बहुतेक आरव्हींत बॅटरीवर चालवता आला नसता.

वर्षाच्या वीजवापराचा आकडा प्रत्येक नव्या फ्रीजवर चिकटवलेल्या पिवळ्या ‘एनर्जीगाइड’ पट्टीवर छापलेला असतो. आपल्याकडे बीईईच्या ताऱ्यांच्या पट्टीवर वर्षाचे युनिट असतात तसाच. त्याची चाचणी ९० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ अंश सेल्सिअसच्या खोलीत, दारं बंद ठेवून होते. म्हणून हिवाळ्यात फ्रीज पट्टीपेक्षा कमी खातो आणि उन्हात तापलेल्या आरव्हीत जास्त. पट्टीवरच्या आकड्याला ३६५ ने भागलं की दिवसाचा हिशेब सुरू करता येतो. बहुतेक जण मात्र तिथेच थांबतात, आणि चूक तिथेच होते.

कारण घरगुती फ्रीजला १२० व्होल्टची एसी वीज लागते आणि आरव्हीतली बॅटरी देते १२ व्होल्ट डीसी. मध्ये इन्व्हर्टर हवा. महाराष्ट्रात लोडशेडिंगची वर्षं काढलेल्या वाचकाला इन्व्हर्टर काय ते सांगायला नको. दोन पंखे, चार दिवे, टीव्ही त्यावर चालवायचा आणि फ्रीजचा प्लग मात्र मेनवर ठेवायचा, हे तेव्हा पोरासोरांनाही माहीत होतं. आरव्हीतला इन्व्हर्टर त्याहून ताकदवान असतो, २,००० किंवा ३,००० वॉटचा. पण तो काहीही न चालवता नुसता जागा राहण्यासाठी सुद्धा २० ते ३० वॉट खात राहतो. दिवसाचे चोवीस तास. २५ वॉट धरले तर दिवसाला ०.६ युनिट, म्हणजे फ्रीजच्या निम्मा खर्च फ्रीज न चालवताच. काही इन्व्हर्टरमध्ये भार नसताना डुलकी घेण्याची सोय असते, पण फ्रीजमधल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा भार इतका कमी असतो की इन्व्हर्टरला तो जाणवत नाही. तो झोपून राहतो आणि फ्रीज तापत जातो. त्यामुळे ही सोय फ्रीजसाठी बहुधा बंदच ठेवावी लागते. माझा सल्ला असा की फ्रीजला स्वतःचा वेगळा, १,००० वॉटचा चांगला इन्व्हर्टर द्यावा. त्याचं जागं राहणं दहा वॉटच्या आसपास भागतं, आणि मोठा इन्व्हर्टर मायक्रोवेव्ह किंवा मिक्सर लावायच्या वेळेपुरताच चालू करता येतो. मात्र फ्रीजचा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच हवा. चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर तापतो, गुणगुणतो, आणि आजच्या फ्रीजमधले बोर्ड त्यावर टिकत नाहीत.

बॅटरीच्या ऋण तारेवर शंट, म्हणजे प्रवाह मोजणारा रोध, बसवून जोडलेला बॅटरी मॉनिटर रात्रभर बघत बसलं की हे सगळं आकड्यांत दिसतं. कॉम्प्रेसर चालू आहे: ११-१२ अँपिअर जात आहेत. कॉम्प्रेसर थांबला, गाडीत पूर्ण शांतता, तरी आकडा शून्यावर येत नाही. दोन अँपिअर जातच असतात, तो इन्व्हर्टर. मग अपरात्री कधीतरी कोणी फ्रीजला हातही न लावता आकडा एकदम ३५-४० वर उडी मारतो. नवख्या माणसाला वाटतं की कुठेतरी शॉर्ट झाला. तो असतो डीफ्रॉस्टचा हीटर, बाष्पकावर साठलेला बर्फ वितळवणारा. वीस-पंचवीस मिनिटं तो चारशे वॉटच्या आसपास खातो, आणि त्याने वाढवलेली उष्णता बाहेर काढायला कॉम्प्रेसर नंतर बराच वेळ अखंड चालतो. पट्टीवरच्या वार्षिक आकड्यात हे धरलेलं असतं, पण रात्रीच्या ताळेबंदात ते ढेकळासारखं एकदम येऊन पडतं.

आता बेरीज. फ्रीज १.२ युनिट, इन्व्हर्टरचं जागरण आणि डीसीचं एसी करतानाची घट मिळून ०.८. दिवसाला दोन युनिट. बॅटरीच्या भाषेत साधारण १५५ अँपिअर-तास. थंडीच्या रात्री गॅस हीटरचा पंखा सात-आठ अँपिअर घेतो आणि निम्मी रात्र चालतो, त्याचे ४० धरा. दिवे, पाण्याचा पंप, गॅस सूचक, फोन यांचे २०. एकूण २१५ अँपिअर-तास, म्हणजे पावणेतीन युनिट. मुंबईतल्या घरात हा आकडा हसण्यावारी जाईल; आरव्हीत याच आकड्यावर सगळं ठरतं.

कारखान्यातून आलेल्या बऱ्याच गाड्यांत १०० अँपिअर-तासांच्या दोन शिसे-आम्ल बॅटऱ्या असतात. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हाताशी १०० अँपिअर-तास. फ्रीज आणि बाकीचा खर्च मिळून तासाला सरासरी नऊ. संध्याकाळी सहाला सुरुवात केली तर पहाटे पाचला बॅटरी संपते. त्या बॅटऱ्या एका कॅम्पग्राउंडहून दुसऱ्या कॅम्पग्राउंडला जाताना सहा-आठ तास फ्रीज चालावा एवढ्यासाठीच दिलेल्या असतात; आठवडाभराच्या मुक्कामाचा हिशेब त्यात कोणी केलेलाच नसतो. विक्रेत्याने हे ग्राहकाला आपणहून सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण लाखभर डॉलर मोजणाऱ्या माणसाचा तेवढा हक्क आहे.

जरा सुधारलेली मांडणी म्हणजे गोल्फ कार्टच्या सहा व्होल्टच्या चार बॅटऱ्या. ट्रोजनची टी-१०५ यातली जुनी, भरवशाची, २२५ अँपिअर-तासांची. दोन-दोन मालिकेत आणि त्या जोड्या समांतर जोडल्या की १२ व्होल्टला ४५० अँपिअर-तास होतात, त्यातले वापरायचे २२५. आपला खर्च २१५. एक दिवस निघाला, तोही काठावर, आणि त्यासाठी ११० किलोंहून जास्त वजन गाडीवर चढलं. त्याहून मोठी अडचण भरताना येते. शिशाची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते. शेवटचे २० टक्के घ्यायला तिला चार-पाच तास लागतात, मग चार्जर कितीही मोठा असो. आणि ती वारंवार पूर्ण भरली नाही तर पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. रानात रोज अर्धवट भरून रोज खाली उतरवली जाणारी शिशाची बॅटरी दोन-तीन हंगामांत दगावते.

इथे लिथियमने खरोखर चित्र बदललं. आरव्हीत वापरतात ती लिथियम लोह फॉस्फेट. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातल्या गटाने तिचं मूळ संशोधन १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी त्यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. १०० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत १.२८ युनिट मावतात, वजन ११ ते १४ किलो, आणि त्यातला ८०-९० टक्के भाग निर्धास्त वापरता येतो. अर्धवट भरलेली राहिली तरी तिला काही होत नाही. अगदी भरत येईपर्यंत ती मोठा प्रवाह घेत राहते. चार बॅटऱ्या बसवल्या की फ्रीजसकट सगळा खर्च दीड दिवसाहून जास्त निघतो. काही वर्षांपूर्वी अशी एक बॅटरी हजार डॉलरच्या घरात होती. आज कमी नावाजलेल्या कंपन्यांची दोन-तीनशे डॉलरला मिळते.

तिचं एक पथ्य काटेकोर पाळावं: शून्य अंशाखाली ती भरायची नाही. गोठलेल्या बॅटरीत प्रवाह घातला तर ऋण पट्टीवर लिथियमचा धातू साचतो आणि बॅटरी आतून कायमची खराब होते. कोलोरॅडोत ऑक्टोबरातही रात्री पारा शून्याखाली जातो. म्हणून बॅटरी गाडीच्या उबदार भागात हवी किंवा तिच्यात हीटर हवा. जुना चार्जरही बदलावा लागतो, आणि बॅटरीपाशी भक्कम फ्यूज लागतोच. १२ व्होल्टला दीड हजार वॉट म्हणजे सव्वाशे अँपिअरहून जास्त. बारीक तार तिथे पेट घेते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

बॅटरी ही साठवण झाली. रोज ती भरणार कोण? या प्रश्नावर आरव्हीवाल्यांच्या गप्पांमध्ये सगळ्यात जास्त भाबडेपणा असतो. ‘छतावर ४०० वॉटचं सोलर आहे, काळजी नाही,’ असं सर्रास ऐकू येतं. पॅनेल छतावर आडवी ठोकलेली असतात. फीनिक्सच्या परिसरात जूनमध्ये आडव्या पृष्ठभागावर दिवसाला आठ तासांच्या भरउन्हाएवढी ऊर्जा पडते, डिसेंबरमध्ये जेमतेम तीन तासांची. तापलेलं पॅनेल, धूळ, तारा, चार्ज कंट्रोलर यांत पाव भाग जातो. पावणेतीन युनिट मिळवायला जूनमध्ये ४६० वॉटची पॅनेल पुरतात. डिसेंबरात त्याच जागी १,२०० वॉट लागतात. आणि क्वार्टझसाइटला लोक जातात ते नेमके डिसेंबरात! पॅनेल दक्षिणेकडे तिरपी उचलता आली तर डिसेंबरातलं ऊन पाच तासांवर जातं आणि गरज ७३० वॉटवर उतरते. हिवाळ्यात शिडी चढून पॅनेल उचलण्याचा कंटाळा करणाऱ्याला जवळजवळ पाचशे वॉटची जादा पॅनेल विकत घ्यावी लागतात. छतावर एसी, झरोके, अँटेना यांच्यामध्ये ती मावणार असतील तर.

सावलीचा प्रश्न वेगळाच. हिवाळ्यातला सूर्य खाली असतो आणि छतावरच्या एसीची लांब सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या पॅनेलचं उत्पादन कोसळतं. ऑरेगन-वॉशिंग्टनच्या उंच देवदारांखाली तर छतावर कितीही पैसे घालावेत, हाती फारसं काही लागत नाही. उन्हाळ्यात भलताच पेच पडतो: पॅनेलला ऊन हवं, फ्रीजला सावली. उघड्यावर लावलेल्या गाडीचं आतलं तापमान दुपारी चाळिशी गाठतं आणि फ्रीज पट्टीवरच्या आकड्याला जुमानत नाही. घडीची दोनशे वॉटची पॅनेल लांब तारेने उन्हात ठेवून गाडी झाडाखाली उभी करणं हा त्यावरचा मला सगळ्यात पटलेला तोडगा.

तीन दिवस ढग राहिले की जनरेटर काढावाच लागतो. होंडाचा ईयू२२००आय सारखा छोटा जनरेटर अखंड १,८०० वॉट देतो. त्यावर १०० अँपिअरचा चार्जर लावला तर लिथियम बॅटरी सव्वादोन तासांत दिवसाचा खर्च भरून घेते. शिशाच्या बॅटरीला त्याच कामाला पाच-सहा तास लागतात, कारण ती शेवटी थेंबाथेंबाने पिते. राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलहून जास्त आवाज चालत नाही, आणि योसेमिटीत तर जनरेटर सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढाच वेळ लावता येतो. एवढ्या वेळेत शिशाची बॅटरी कशीबशी, लिथियमची आरामात भरते. जनरेटरचा धूर उघड्या खिडकीकडे किंवा शेजारच्या तंबूकडे जाणार नाही हे बघणं आणि कार्बन मोनॉक्साइडचा सूचक दर मुक्कामी तपासणं यात मात्र हयगय नको. त्या वायूला वास नसतो.

‘चालत्या गाडीत बॅटरी भरतेच की!’ हा आणखी एक समज. ट्रकमागे ओढायच्या ट्रेलरला सात पिनांच्या प्लगमधून वीज येते, पण तार बारीक आणि लांब असल्याने पोचते सहा-आठ अँपिअर. चालता फ्रीजच तासाला सरासरी साडेसहा घेतो. चार तास गाडी हाकून बॅटरी होती तिथेच राहते. जाड तारा टाकून ४० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला तर त्याच चार तासांत १६० अँपिअर-तास येतात, आणि दर दोन-तीन दिवसांनी मुक्काम हलवणाऱ्यासाठी छतावर पॅनेल वाढवण्यापेक्षा हा खर्च जास्त कामाला येतो. लिथियम बॅटरी गाडीच्या आल्टरनेटरला थेट जोडणं धोक्याचं, कारण ती इतका प्रवाह ओढते की आल्टरनेटर जळू शकतो.

या सगळ्या खटाटोपाला बगल देणारा पर्यायही आहे: थेट १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रीज. बोटी आणि ट्रकांसाठी डॅनफॉसने, आता सेकॉप नावाने, बनवलेले छोटे कॉम्प्रेसर गेली अनेक वर्षं समुद्रावर आणि रस्त्यावर टिकले आहेत. २०२० च्या आसपासपासून आरव्ही कारखान्यांनी गॅसच्या जागी १० घनफुटांचे असे फ्रीज सर्रास बसवायला सुरुवात केली. इन्व्हर्टर नाही, म्हणून त्याचं जागरणही नाही. दिवसाला ५० ते ७५ अँपिअर-तासांत भागतं, कलत्या जमिनीवर कुरकुर नाही, ज्योत नाही. फ्रीझर लहान, एवढीच खरी तक्रार. दोघांच्या संसाराला तो पुरतो. चौघांच्या आठवड्याला कदाचित नाही.

फ्रीज कुठलाही असो, थोडी शिस्त पाळली तर शंभर-दोनशे वॉटची पॅनेल वाचतात. निघण्याआधी एक दिवस घरच्या प्लगवर लावून, जिन्नस आधीच गार करून भरावेत. रिकाम्या जागेत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात. बर्फयंत्र बंद करावं. दाराच्या कडेला दव धरू नये म्हणून असलेला हीटर वाळवंटाच्या कोरड्या हवेत निरुपयोगी असतो, त्याचं बटण असल्यास तोही बंद. गाडी चालताना दारं पट्ट्याने बांधावीत, कारण घरगुती फ्रीजची दारं वळणावर उघडतात. गॅसवरचा फ्रीज काढून हा बसवला असेल तर जुनी गॅसची नळी जाणकाराकडून बंद करून घ्यावी आणि नव्या फ्रीजची वॉरंटी आरव्हीत लागू होते का ते आधीच वाचावं. आत तीन-चारशे रुपयांएवढ्या किमतीचा थर्मामीटर ठेवावा. ४ अंश सेल्सिअस ही खाण्याची सुरक्षित मर्यादा. अमेरिकी कृषी खात्याच्या सांगण्यानुसार वीज गेल्यावर दार न उघडता फ्रीज चार तास, भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो. बॅटरी अगदीच कमी असेल तर मध्यरात्री तीन तास इन्व्हर्टर बंद करून थर्मामीटर बघायला हरकत नाही. इन्शुलिन आत असेल तर तेही करू नये.

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची आणि गाड्या लहान, पण कोकणात किनाऱ्यावर मुक्कामी राहणाऱ्या गाडीलाही इन्व्हर्टरचं जागरण आणि पावसाळ्यात पॅनेलचं तोकडं उत्पादन चुकणार नाही. आपल्याकडच्या गाड्या बांधणाऱ्यांनी १२ व्होल्टच्या फ्रीजपासूनच सुरुवात करावी.

माझा निर्णय असा. मोठी गाडी, चार माणसं, उघडं आकाश आणि पाच युनिटांची लिथियम साठवण असेल, वर तिरपी करता येणारी आठशे वॉटची पॅनेल आणि पेटीत छोटा जनरेटर असेल, तर घरगुती फ्रीज खुशाल घ्या. तो उत्तम चालतो. यातलं निम्मंच परवडत असेल तर १२ व्होल्टचा घ्या. गाडीत गॅसवरचा फ्रीज आधीच आहे, तो नीट चालतो आहे आणि तुम्ही झाडीत आठवडेच्या आठवडे राहता, तर तो उपटून काढू नका. आणि काहीही घेतलंत तरी पहिल्या दूरच्या प्रवासाआधी गाडी स्वतःच्या अंगणात प्लग काढून दोन रात्री चालवा. संध्याकाळी आठ आणि सकाळी सात वाजता मॉनिटरवरचे आकडे वहीत उतरवा, आणि त्या आकड्यांवरूनच पुढच्या बॅटरीची आणि पॅनेलची खरेदी करा.